अँटीव्हायरसचं अपडेट अचानक एवढं मोठं का आलं? तपासायचं कसं, करायचं काय

माझा एक लॅपटॉप तीन महिने कपाटात पडून होता. एक जुनी फाईल हवी होती म्हणून तो काढला आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला. फाईल सापडायच्या आतच मोबाइलवर मेसेज आला, आजचा डेटा संपत आलाय. व्हिडिओ पाहिला नव्हता, काही डाउनलोडही केलं नव्हतं. शोधल्यावर कळलं की अँटीव्हायरस अपडेट घेत होता. मी चिडून ते मध्येच तोडलं आणि तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी त्याने तेच अपडेट पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली.

एरवी गुपचूप येऊन जाणारं अपडेट एखाद्या दिवशी शेकडो एमबीचं निघालं की मनात शंका येणारच. तिचा छडा कसा लावायचा, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: डेटा नक्की कोणी खाल्ला ते बघा

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा आणि डेटा युसेज शोधा. विंडोज ११ मध्ये ते अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत आहे. कोणत्या अ‍ॅपने किती डेटा वापरला, ते तिथे दिसतं. बाहेरून घेतलेला अँटीव्हायरस असेल तर त्याचं नाव यादीत सापडतं. विंडोजसोबत येणारा डिफेंडर असेल तर मात्र त्याची अपडेट्स बहुतेक वेळा विंडोज अपडेटमधूनच येतात, त्यामुळे त्यांचा हिशेब सिस्टीमच्या खात्यावर पडलेला असू शकतो. अशा वेळी विंडोज अपडेटमधली अपडेट हिस्ट्री उघडा. तिथे डिफेंडरच्या अपडेट्सचा डेफिनिशन अपडेट्स नावाचा वेगळा गट असतो. त्या दिवशी क्वालिटी अपडेट्समध्येही नोंद असेल तर एवढा डेटा बहुधा विंडोजच्या मासिक अपडेटने घेतला, अँटीव्हायरसने नव्हे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या आसपास हा घोळ हमखास होतो.

पायरी २: तीनपैकी काय बदललं ते ओळखा

आपण सरसकट ‘अपडेट’ म्हणतो, पण अँटीव्हायरसमध्ये तीन वेगळ्या गोष्टी बदलतात. पहिली डेफिनिशन्स, म्हणजे घातक फाईल कशी ओळखायची याच्या खुणा. या दिवसातून अनेकदा येतात. दुसरं इंजिन. त्या खुणा वापरून फाईल तपासण्याचं काम ते करतं. तिसरा खुद्द प्रोग्रॅम, म्हणजे खिडक्या, बटणं आणि मागे चालणाऱ्या सेवा. डिफेंडरचं इंजिन आणि प्रोग्रॅम साधारण महिन्याला बदलतात. तेही सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडले जातात. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला काल आलेलं अपडेट तुमच्याकडे चार दिवसांनी येऊ शकतं.

विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली सेटिंग्जच्या चक्रावर क्लिक करा आणि अबाउटमध्ये जा. अँटीमालवेअर क्लायंट, इंजिन आणि अँटीव्हायरस असे वेगवेगळे व्हर्जन क्रमांक तिथे दिसतील. ते वहीत लिहून ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बघितलंत की कोणता आकडा हलला ते लगेच कळेल. इतर अँटीव्हायरसमध्येही अबाउटमध्ये हीच माहिती मिळते.

पायरी ३: पाया बदलला का?

नुसती डेफिनिशन्सच बदलली आणि तरीही अपडेट मोठं होतं, तर कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. शब्दकोशाचं उदाहरण घ्या. कोश एकदा छापला की नव्या शब्दांसाठी पातळ पुरवण्या निघतात. पुरवण्यांचा गठ्ठा वाढत जातो, आणि एक दिवस सगळं एकत्र करून नवी आवृत्ती काढावी लागते. अँटीव्हायरसमध्ये कोशाच्या जागी बेस असतो आणि पुरवणीच्या जागी डेल्टा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज डिफेंडर आणि त्यात डेफिनिशन अपडेट्स असं जा. अ‍ॅडमिनची परवानगी लागेल. आतल्या व्हीडीएम फाईल्सपैकी बेसच्या भल्यामोठ्या असतात, डेल्टाच्या छोट्या. काही दिवस नजर ठेवलीत तर डेल्टा हळूहळू फुगताना दिसतो. मग एक दिवस तो एकदम आक्रसतो आणि बेसची तारीख बदललेली असते. मोठं अपडेट आलं ते त्याच दिवशी. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळी शंका फिटली. नुसतं बघा, तिथलं काही डिलीट करू नका.

माझ्या कपाटातल्या लॅपटॉपचंही हेच झालं होतं. त्याच्याकडचा बेस इतका जुना होता की कोणतीच पुरवणी त्याला जोडता येत नव्हती, म्हणून अख्खा कोश नव्याने उतरवावा लागला. डिफेंडरचा असा पूर्ण संच शंभर एमबीच्या वर जातो.

पायरी ४: अपडेट नीट पूर्ण होऊ द्या

चार्जर लावा, सी ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी ठेवा, शक्य असेल तर वायफायवर घ्या. मध्ये तोडू नका. इंजिन किंवा प्रोग्रॅम बदलला असेल आणि रिस्टार्ट मागितला तर तो द्या. डेटा मोजूनमापून वापरावा लागत असेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड, म्हणजे मर्यादित डेटाचं, म्हणून खूण करा, आणि दर दोन-चार दिवसांनी वायफायवर असताना ‘चेक फॉर अपडेट्स’ स्वतः दाबा. डेटा वाचवायला अपडेट्सच बंद करून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून ते करू नका. बंद ठेवलेल्या प्रत्येक आठवड्याने पुढचं अपडेट मोठं होतं, आणि मधल्या काळात कॉम्प्युटर उघडा पडतो तो वेगळाच.

एक भीती मात्र काढून टाका. मोठं अपडेट म्हणजे धोक्याचं अपडेट, असं नसतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. कारण होती एक छोटीशी सदोष कॉन्फिगरेशन फाईल.

खरा धोका आहे तो बनावट अपडेटचा. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडल्यावर ‘तुमचा अँटीव्हायरस कालबाह्य झालाय, इथे क्लिक करा’ अशी पाटी आली तर ते टॅब बंद करा. खरं अपडेट अँटीव्हायरसच्या आतून किंवा विंडोज अपडेटमधून येतं, वेब पानावरच्या पाटीतून नाही.

पायरी ५: रोजच मोठं येत असेल तर

महिन्यातून एखाद्या वेळी मोठं आलं तर काही करायला नको. रोज येत असेल तर मात्र बिघाड आहे. आधी डिस्कवरची जागा बघा. अपडेट उतरतं, उघडायला जागा मिळत नाही, टाकून दिलं जातं आणि पुन्हा उतरतं. मग घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का ते बघा. तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शन किंवा अपडेटवरच्या डिजिटल सहीची (फाईल खरंच त्या कंपनीची आहे याच्या खुणेची) पडताळणी फसू शकते. दोन अँटीव्हायरस एकत्र चालत असतील तर एक काढा. रिस्टार्टनंतर सगळं मूळ स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर असेल, जसं प्रयोगशाळांतल्या कॉम्प्युटरवर असतं, तर आलेलं अपडेट रोज पुसलं जातं. मूळ प्रतच अपडेट करून ठेवावी लागेल. एवढ्यावरही थांबलं नाही तर अँटीव्हायरस रिपेअर करा किंवा काढून पुन्हा टाका.

क्लॅमएव्ही या मोफत अँटीव्हायरसच्या बाबतीत असाच डेटाचा वापर फार वाढला होता. छोटे फरक घ्यायची सोय असूनही असंख्य सर्व्हर दर वेळी पूर्ण डेटाबेस उतरवत होते. शेवटी २०२१ मध्ये डाउनलोडवर मर्यादा घालावी लागली.

एकाच ठिकाणी बरेच कॉम्प्युटर असतील तर एकदाच उतरवून सगळ्यांना वाटायची सोय करा. बऱ्याच कंपन्या ऑफलाइन अपडेटची फाईल देतात. ती त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. चालवण्याआधी फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब उघडा. तिथे सही कंपनीच्या नावाची आणि वैध असेल तरच ती फाईल पेनड्राइव्हवर घ्या.