कड्यावरच्या वाऱ्यावर ग्लायडर

रिमोटने उडवायचं बिनमोटारीचं छोटं ग्लायडर हवेत टिकतं ते कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर. म्हणून आधी वारा पाहायचा, मग जागा, विमान शेवटी. गोव्यात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर पश्चिम-वायव्येकडून, समुद्रावरून खारा वारा येतो. सकाळच्या, जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात समुद्राकडच्या कड्यावर जाऊन उपयोग नाही.

कडा वाऱ्याला जवळपास काटकोनात हवा. वीसेक अंश तिरपा असला तरी चालतं, पंचेचाळीसला उचल संपते. शापोऱ्याची टेकडी किंवा काब द रामचा कडा उंचीला उत्तम, पण संध्याकाळी सूर्यास्त बघायला माणसं बसलेली असतात. त्यांच्या डोक्यावरून उडवू नका. हरमलला पॅराग्लायडर दिसले तर विमान खाली घ्या. दाबोळी आणि मोपा विमानतळांमुळे निघण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा हवाई हद्दीचा नकाशा बघाच.

नवख्याने 120 सेंमी पंखांचं, ईपीपी फोमचं, 400 ग्रॅमच्या आसपासचं फ्लाइंग विंग, म्हणजे शेपूट नसलेलं नुसत्या पंखाचं विमान घ्यावं. जांभ्या दगडावर आपटलं तरी फोम उसळतो, बाल्साचं हलकं लाकूड तुटतं. पंखाच्या पुढच्या कडेला फायबर टेप लावा. 9 ग्रॅमचे दोन सर्व्हो (पंखाच्या पट्ट्या हलवणारी छोटी यंत्रं), रिसीव्हर, बॅटरी एवढंच सामान. तोलाचा बिंदू विमानाच्या आराखड्यातल्या खुणेपेक्षा 3 ते 5 मिमी पुढे ठेवा. मागे जड विमान पहिल्याच फेकीत नाक वर करून स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावून पडतं. एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) 2 मिमी वर, हालचाल दोन्हीकडे 10 मिमी, एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल सौम्य करणारी सेटिंग) 30 टक्के.

वारा ताशी 15 ते 25 किमी असावा. फेकण्याआधी रिमोटची स्टिक उजवीकडे: उजवा एलेव्हॉन वर गेलाच पाहिजे. उलटं चॅनल हे पहिल्या अपघाताचं नेहमीचं कारण. मग नाक किंचित खाली ठेवून, सरळ वाऱ्यात, जोरात फेका. दहा-वीस मीटर पुढे जाऊ द्या आणि कड्याला समांतर फेऱ्या घाला. वळण नेहमी समुद्राकडे. कड्याकडे वळलात तर पाठीमागचा वारा विमानाला दगडावर ढकलतो.

खरी कसोटी उतरताना. कड्याच्या काठामागे वारा भोवऱ्यासारखा फिरतो. तिथे विमान अचानक खाली बसतं. म्हणून अगदी काठावर उतरवू नका. सड्यावर, म्हणजे माथ्याच्या पठारावर, बरंच मागे, गवताची मोकळी जागा आधीच हेरून ठेवा, वेग जास्त राखा आणि शेवटचा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर घ्या. सूर्य कलताना वारा पडतो, तेव्हा उंची असतानाच परता; नाहीतर ग्लायडर खालच्या खडकांत शोधावं लागेल, आणि भरती असेल तर तेही नाही.

घरी आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसा. कनेक्टर हिरवे पडले की सर्व्हो मधेच थरथरतो.