कारचा एसी गरम हवा देतोय? गॅस भरायची घाई करू नका

मे महिन्यात नागपूरच्या व्हेरायटी चौकात गाडी सिग्नलला थांबली की एसीची हवा कोमट होते, आणि तीच गाडी वर्धा रोडवर सुटली की पुन्हा गार. ही तक्रार घेऊन कुठंही जा, उत्तर ठरलेलं: "गॅस कमी झाला भाऊ, टाकून देतो." गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कमी झाला तर कुठून तरी गळालेला असतो. त्यातही उभ्या गाडीत कोमट आणि पळत्या गाडीत गार, हे लक्षण बहुतेक वेळा गॅसचं नसतंच.

किरकोळ गोष्टी आधी उरका. दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी सुरुवातीची पाच-दहा मिनिटं गरम हवा देणारच. काचा उतरवून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. तापमानाचं बटण निळ्या टोकाला आहे ना, तेही बघा. हवेचा झोतच मंद असेल तर केबिन फिल्टर काढून पाहा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो.

मग बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि कोणाला तरी आतून एसी लावायला सांगा. 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या, पुलीचा पुढचा भाग फिरू लागला की त्याचा क्लच धरला. धरतच नसेल तर फ्यूज आणि रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) तपासा. दर काही सेकंदांनी धर-सोड करत असेल तर गॅस कमी असल्याची शंका घ्या. काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.

खरी गोम पुढे आहे, आणि इथे मीही पुष्कळ डोकं खाजवलंय. केबिनमधून उचललेली उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरच्या पुढ्यातला कंडेन्सर करतो. बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर त्याला मुळातच फारशी सवड नसते. त्यातून हवा ओढणारा फॅन जरा मंद झाला किंवा कंडेन्सरच्या पाकळ्यांत धूळ बसली, की एसी हात टेकतो. पुण्यात वर्षभर निभावून जाणारा अशक्त फॅन नागपुरात नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आधीच उघडा पडतो.

"फॅन फिरतोय ना, मग झालं" हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. फिरणं पुरेसं नाही, हवा ओढली पाहिजे. एसी चालू ठेवून समोरच्या जाळीला वहीचा कागद लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर फॅनची मोटर थकलीय किंवा कंडेन्सर बुजलाय. उलट बाहेर उडाला, तर मोटर बदलताना कोणीतरी वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन इंजिनची गरम हवा पुढे ढकलतोय. हेही होतं.

आता पाण्याची परीक्षा. डॅशबोर्डवरच्या एसीच्या मधल्या जाळीत छोटा डिजिटल थर्मामीटर खोचा आणि गाडी जागेवर उभी ठेवून आकडा स्थिर होऊ द्या. मग स्प्रेच्या बाटलीने गाडीच्या समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर साधं पाणी दोन-तीन मिनिटं मारत राहा. हात आणि ओढणी फॅनपासून लांब. आकडा पाच-सहा अंश झपकन उतरला, तर गॅसच्या बाटलीला हात लावू देऊ नका. उष्णता बाहेर पडत नाही, एवढंच दुखणं आहे. अशा गाडीत वरून गॅस ओतला तर दाब आणखी चढतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. काहीच फरक पडला नाही, तर मात्र गॅसकडे वळा.

कंडेन्सर धुवायचा तो इंजिन थंड असताना आणि हलक्या धारेने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पाकळ्या आडव्या होतात. नुसतं समोरून धुतलं तर कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, म्हणून जमेल तिथे मागून पुढे धुवा.

गॅसचं काम घरी करू नका. द्रव गॅस डोळ्यांत उडाला तर डोळा जाऊ शकतो. गॅरेजमध्ये मात्र उभं राहून बघा. इंजिन बंद असताना गेज लावून "प्रेशर बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा. आर-१३४ए हा गॅस ४० अंशांना बंद गाडीत १३० पीएसआयच्या आसपासच दाखवतो, मग नळीत तो अर्धा असो की पूर्ण. गेज वाचायचा तो एसी चालू असताना. त्याला दोन काटे असतात, कमी दाबाच्या नळीचा 'लो' आणि जास्त दाबाच्या नळीचा 'हाय'. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर फॅन-कंडेन्सरचा घोळ किंवा गॅस जास्त. लो वर आणि हाय खाली असेल तर कॉम्प्रेसर दमलाय.

गॅस कमी निघालाच तर आधी लीकेज शोधायला लावा. गॅससोबत तेलही फिरतं, त्यामुळे गळत्या जोडावर तेलकट धूळ दिसते. शंका आली तर साबणाचा फेस लावायचा. जोड दुरुस्त झाला की निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढायची, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. लीकेज बुजवणारी औषधं नकोत, गॅस भरायचं मशीनही त्यांनी खराब होतं. स्वयंपाकाचा गॅस मिसळलेला स्वस्त माल तर अजिबात नको, तो पेट घेतो.

पैसे देण्याआधी गाडी शेडमधून बाहेर उन्हात काढा, थर्मामीटर एसीच्या जाळीत ठेवा आणि एसी लावून दहा मिनिटं जागेवरच उभी ठेवा. आकडा वर सरकायला लागला, तर चावी परत त्यांच्याच हातात द्या.