फुलपाखरांची बाग: या पावसात आधी अळ्यांची झाडं लावा

पहिला दमदार पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लागवडीला लागा. फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की बहुतेक जण फुलझाडांची रोपं आणतात. आधी अळ्यांना खायला लागणारी झाडं लावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. फुलावर फुलपाखरू येतं, मध पितं आणि पुढे जातं. अंडी मात्र अळीला चालेल अशाच पानावर पडतात. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी त्यावर टपटप आपटून चव घेते आणि पान पटलं नाही तर लगेच उडते.

जागा थोडी असेल तर लिंबू, कढीपत्ता, रुई आणि पानफुटी एवढी चार पुरेत. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखरू व कॉमन मॉरमॉन, रुईवर बिबळ्या कडवा, तर पानफुटीवर चिमुकलं रेड पिएरो वाढतं. पिएरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे पानावर फिकट डाग दिसला तर रोग समजून पान तोडू नका. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. कुंपणाला जागा असेल तर कण्हेर लावा, तिच्यावर हबशी (कॉमन क्रो) हे फुलपाखरू येतं.

लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढा फिकट पिवळा मणी दिसला की ते अंडं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि बहुधा आधी अंड्याचं कवचच खाते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही.

पण ही अळी खादाड आहे. लिंबाची नवी कलमं असतील तर ती त्यांचा शेंडा बोडका करते. म्हणून एक मोठं, जोमदार लिंबाचं झाड तिच्यासाठी सोडा आणि कलमांवरच्या अळ्या पानासकट उचलून त्यावर ठेवा.

फवारणी पूर्ण बंद. मी एकदा विकत आणलेलं लिंबाचं रोप थेट बागेत ठेवलं. त्यावरच्या अळ्या दुसऱ्याच दिवशी काळ्या पडून गळाल्या. रोपाला आधीच आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं होतं आणि ते पानापानांत मुरलं होतं. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी रोपं बियांपासून करते, नाहीतर विकत घेण्याआधी औषधाचं विचारून घेते. सेंद्रिय म्हणून बीटी (जिवाणूंपासून केलेलं कीटकनाशक) मारायचाही मोह नको, ते अळ्यांवरच काम करतं. रुईवर पिवळा मावा आला तर आधी अंडी-अळ्या बघा, मग पाण्याच्या धारेने धुऊन काढा.

मधासाठी झिनिया, पेंटास, एक्झोरा, एकेरी पाकळ्यांचा झेंडू लावा. एका जातीची पाच-सात रोपं एकत्र हवीत, विखुरलेली लांबून दिसत नाहीत. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती रानोमाळ पसरून बाकीची झाडं मारते, म्हणून मी लावत नाही. जागा निदान पाच-सहा तास उन्हाची आणि वाऱ्यापासून आडोशाची निवडा, अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. पसरट थाळीत माती कायम ओली ठेवा. नर तिथे क्षार शोषायला बसतात.

पाऊस सरल्यावर झाडलोट करताना काड्या, कुंडीच्या कडा, भिंतीचे कोपरे नीट बघा. अळी कोष करायला अनेकदा झाडापासून बरीच दूर जाते. कोष गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी आरपार दिसू लागली की बहुधा दुसऱ्या सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. तेव्हा पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते लटकून तासभर वाळू द्या, तोवर हात लावू नका आणि मुलांनाही लावू देऊ नका.