नाशिकहून गाडीशिवाय माथेरान, आणि व्हिडिओवाल्याला पैसे कसे द्यायचे

माथेरानला गाडी नेऊच नका, कारण दस्तुरी नाक्याच्या पुढे ती जातच नाही, तिथेच पार्किंगला पडून राहते. त्यापेक्षा नाशिकरोडवरून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, कल्याणला उतरा, तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल आणि नेरळ. नेरळला स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते दस्तुरीपर्यंत. १९०७ ची टॉय ट्रेन आहेच, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालू राहते. मी तरी दस्तुरीपासून चालतच जातो, अडीच-तीन किलोमीटर, झाडांखालून लाल मातीचा रस्ता, एक हॉर्न नाही, कान अक्षरशः मोकळे होतात हो! पांढरे बूट मात्र घरीच ठेवा.

आता दुसरं, माझ्या मते तितकंच महत्त्वाचं. हे रस्ते दाखवणारे व्हिडिओ कोणीतरी एकटा पायपीट करून बनवतो आणि आपण फुकट बघून मोकळे होतो. असं करू नका. यूट्यूबवर चॅनेलला 'जॉइन' बटण असेल तर महिन्याची मेंबरशिप घ्या, त्यातला ७० टक्के वाटा बनवणाऱ्याला जातो, ३० टक्के यूट्यूब ठेवतं. आयफोन असेल तर ॲपमधून न घेता ब्राउझर उघडून घ्या, ॲपमध्ये बऱ्याचदा जास्त पडते. आणि त्याने डिस्क्रिप्शनमध्ये स्वतःचा यूपीआय दिला असेल तर सरळ तिथेच पाठवा, मधला वाटाच जात नाही.