जहाजावर जाण्याआधी: मराठवाड्यातल्या मंडळींसाठी तयारीची यादी

लातूर, परभणी, नांदेडकडची मंडळी क्रूझला निघाली की महिनाभर तीनच चिंता करतात: जहाज बुडेल का, उलट्या होतील का आणि खायला काय मिळेल. समुद्राशी आपला संबंध तसा मुंबईला पाहुण्यांकडे गेल्यावर चौपाटीवर भेळ खाण्यापुरता, त्यामुळे भीती वाटणारच. पण आमच्या नात्यागोत्यात आणि गल्लीत आजवर ज्यांची ज्यांची फजिती झाली, ती समुद्रामुळे झाली नाही. ती झाली कागदांमुळे, घड्याळामुळे आणि बॅगेमुळे. म्हणून यादी त्यांच्यापासूनच सुरू करतो.

तिकीट काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांचे कागद एका सतरंजीवर मांडा. आपल्याकडे एकाच बाईचं नाव आधारवर शकुंतलाबाई, पासपोर्टवर शकुंतला आणि बँकेच्या पासबुकावर माहेरच्या आडनावाने असतं. गावात हे चालून जातं, जहाजाच्या काउंटरवर चालत नाही. तिकिटावर नाव पासपोर्टात आहे तसंच, स्पेलिंगसकट हवं. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान 6 महिने शिल्लक हवी. सिंगापूरहून जहाज पकडणार असाल तर व्हिसावर मल्टिपल एंट्री लिहिलंय का ते स्वतः वाचा, एजंटाच्या ‘झालं समजा’वर राहू नका. जहाज मलेशिया-थायलंडकडे निघालं की तुम्ही सिंगापूरमधून बाहेर पडलात, आणि परत आलात की ती दुसरी एंट्री. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड उतरण्याच्या आधीच्या 3 दिवसांतच भरता येतं, तेव्हा ते काम कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात कुणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या 24 व्या आठवड्यानंतर जहाजावर घेत नाहीत. तान्हं बाळ 6 महिन्यांच्या आतलं असेल तरी तेच. बारशाचा आणि क्रूझचा बेत एकाच महिन्यात घालू नका.

देशातल्या देशात जायचं असेल तर मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जातं. त्याला पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र अस्सल लागतं. मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालणाऱ्यांच्या मागे मोठी रांग तुंबते आणि ती रांग गप्प बसत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा बेत दिवाळीनंतर धरा. खोली घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथं हेलकावे कमी लागतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. वर डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत बसलं की निम्मं बरं वाटतं. एवढं केलं की समुद्राचा विषय संपला.

आता मुंबई गाठणं. नांदेड ते मुंबई रेल्वेने 600 किलोमीटरच्या आसपास. आपली पद्धत अशी की रात्री देवगिरी किंवा नंदीग्राम पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. मंत्रालयातल्या कामाला हे ठीक आहे. जहाजाला नाही. जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का सीएसएमटीपासून टॅक्सीने अगदी जवळ आहे हे खरं, पण मनमाडच्या अलीकडे गाडी तीन तास उभी राहिली तर त्या जवळ असण्याचा उपयोग काय? बोर्डिंगची खिडकी बंद झाली की झाली. जहाज कुणासाठी थांबत नाही, आमदाराच्या पत्रावरही नाही. एक दिवस आधी जाऊन मुक्काम करा. नातेवाईक असतीलच, डोंबिवलीत नाहीतर कल्याणला.

बॅग भरताना पहिल्यांदा काय न्यायचं नाही ते ठरवा. विजेची किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळं आगीच्या भीतीने काढून घेतात आणि सफर संपल्यावर परत देतात. चहाची किटली जमा करून घेतल्यावर आमच्या एका आत्याबाईंनी सिक्युरिटीवाल्या पोराला मराठीतून विचारलं, “अरे, मग सकाळी उठल्या उठल्या चहा तूच देणार का?” पोरगा फिलिपिन्सचा होता, त्याने हसून मान डोलावली, आणि आत्याबाई चार दिवस त्याला शोधत होत्या. चहा बुफेत चोवीस तास मिळतो, पण तो पिशवीचा, फिका. साखर-दुधाचा उकळलेला चहा हवा तर भारतीय जेवणाच्या काउंटरवर सकाळी लवकर जाऊन मैत्री करा. जहाजावरच्या सॉकेटमध्ये आपली जाड तीन पिनांची पिन बसत नाही. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो, तरी एक अडॅप्टर जवळ असू द्या. आणि एक छोटा प्लास्टिकचा मग घ्या. खोलीतल्या संडासात जेट नसतो, एवढं सांगितलं की समजणाऱ्याला समजतं. फ्लश हवेच्या दाबावर चालतो, दाबल्यावर असा आवाज करतो की पहिल्या वेळी माणूस दचकून बाहेर येतो. त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, एक नळी तुंबली की शेजारच्या चार खोल्यांचं बंद पडतं.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं आपण हटून बसतो. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी रेल्वेत संपवा. घरी शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत. सीलबंद कोरडा खाऊ बऱ्याच कंपन्या चालवून घेतात, आपल्या कंपनीचा नियम वाचून घ्या. पण खरी गोम अनारशांत आहे. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर किंवा दुबईहून क्रूझ धरणारे डबा भरून अनारसे घेतात आणि अनारशाला खसखस लावलेली असते. आपल्या स्वयंपाकघरात ती मसाल्याच्या डब्यात बसते, तिथं ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. दोन्हीकडे ती आणायला बंदी आहे. तेव्हा खसखशीचे लाडू, अनारसे, काळ्या मसाल्याची पुडी, सगळं घरीच ठेवा. तंबाखू-गुटखा सिंगापूरला चालत नाही. च्युइंगगम तर त्यांनी 1992 पासून आणू देणं बंद केलंय. ज्यांची सकाळ चुना-तंबाखू मळल्याशिवाय उजाडत नाही, त्यांनी महिनाभर आधीपासून बडीशेपेची सवय लावावी. हे सांगून कुणी ऐकत नाही हेही माहीत आहे.

देवपूजेचंही तसंच. खोलीत उदबत्ती, निरांजन, कापूर काहीही पेटवता येत नाही. छतावर धुराची घंटा असते आणि ती वाजली की पाच मिनिटांत दारात चार माणसं उभी राहतात. देवांचा एक फोटो, बॅटरीवरचा दिवा, मनातल्या मनात आरती. आणि बाल्कनीतून समुद्राला नारळ-फुलं अर्पण करायची नाहीत. जहाजावरून काहीही टाकायला आंतरराष्ट्रीय नियमांनी मनाई आहे, प्लास्टिकला तर अजिबात सूट नाही. बाल्कनीच्या कठड्यावर धोतर वाळत घालू नये, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगावं लागतं. एकांचं धोतर लक्षद्वीपच्या दिशेने गेलं. न्हाणीत भिंतीला ओढून लावायची दोरी असते, कपडे तिथं वाळतात.

चढताना मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चष्मा, एक जोड कपडे आणि मुलांचे पोहायचे कपडे ठेवा. बीपीची गोळी मोठ्या बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात असं झालं की नवरा-बायकोची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. एखादी हिमरू शाल वर ठेवा, एसी बेताल असतो. पूलमध्ये पोहायचे खास कपडेच चालतात, बनियन-चड्डीवर उतरू देत नाहीत. आपल्या पोरांना विहिरीत मुटका मारायची सवय. इथं पाणी कमरेएवढं असतं, उडी मारायला बंदी असते आणि बऱ्याच जहाजांवर बघायला जीवरक्षकही नसतो. पोराला हे चढायच्या आधी सांगा, कठड्यावर उभा राहिल्यावर नाही.

सुटण्याच्या सुमारास सेफ्टी ड्रिल असते. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब वाजतो. ही कवायत चुकवून बुफेच्या रांगेत उभं राहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. करू नका. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडलं, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला, आता ती सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते. आमच्या गल्लीतल्या एका आजींना भोंगा ऐकून खरंच वाटलं. त्या लाइफ जॅकेट लुगड्यावर बांधून, पोथी काखेत मारून सगळ्यांच्या आधी ठरलेल्या जागी हजर. “कामून हलू लालंय हे आतापासूनच?” एवढंच त्यांचं म्हणणं. जहाज अजून धक्क्याला बांधलेलं होतं. तरी मी म्हणेन, त्या दिवशी सगळ्यात शहाणी तीच बाई.

खोल्यांचे बोळ एकसारखे लांबच लांब असतात आणि पहिल्या रात्री निम्मे लोक दुसऱ्याच्या दाराला कार्ड लावतात. दारं लोखंडी असतात, घरचा एखादा फ्रिजवरचा मॅग्नेट चिकटवून टाका. बिनखिडकीच्या खोलीत रात्र की दिवस कळत नाही. बऱ्याच जहाजांच्या टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून लावून ठेवलं की उजाडलेलं दिसतं. नळाला चोवीस तास पाणी असतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना हे पटत नाही, ते सवयीने सगळ्या बाटल्या आणि कचऱ्याचा डबासुद्धा भरून ठेवतात. जहाज समुद्राचं पाणी गोडं करून घेतं. भरून ठेवायची गरज नाही, पण ठेवलंत तरी कुणी काही म्हणत नाही.

खोलीचं कार्ड हेच पाकीट. कोल्ड्रिंक, आइस्क्रीमच्या काही जागा, मुलांचे गेम, फोटो, सगळं त्यावर चढतं. नोट हातातून जात नाही म्हणून पैसे गेल्यासारखे वाटत नाहीत. त्यात माणशी रोजची टिप आपोआप लागते, ती बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते, रिसेप्शनवर जाऊन ती घाला. फोन चढताक्षणी फ्लाइट मोडवर टाका. सिंगापूरचा रोमिंग पॅक समुद्रात लागू होत नाही, तिथं फोन सॅटेलाइटचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल वेगळं येतं. चाळीस जणांना गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवायची सवय असेल तर ती चार दिवस सोडा. वाय-फाय विकत मिळतं.

बंदरावर उतरण्याच्या दिवशी सगळ्यात मोठी चूक घड्याळाची होते. फुकेतला घड्याळ सिंगापूरच्या 1 तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल आणि फोनने स्वतःहून थायलंडची वेळ घेतली, तर तुम्हाला वाटतं अजून तासभर आहे. पातोंगच्या बाजारात नारळपाणी पीत बसलेलं एक जोडपं असंच शेवटच्या छोट्या बोटीला पळत आलं. काकूंच्या हातात एक चप्पल, काकांच्या हातात काजूच्या दोन पिशव्या. पट्ट्याचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि फक्त तेच बघा. परत यायची वेळ सुटण्याच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधीची असते, ती रोजच्या पत्रकात छापलेली असते. लक्षद्वीपला उतरलात तर पोवळ्याचा तुकडा खिशात घालू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पोवळ्यांना पूर्ण संरक्षण आहे, ‘देव्हाऱ्यात ठेवायला घेतलं’ हे कारण चालत नाही.

आता शेवटची रात्र. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात, सकाळी त्या खाली टर्मिनलवर मिळतात. आमच्या एका मामांनी सूचना तंतोतंत पाळली. जेवण करून आले, सगळ्या बॅगा भरल्या, चेन लावून बाहेर ठेवल्या आणि लुंगी-बनियनवर शांत झोपले. सकाळी उठून कपाट उघडलं तर हँगर. पॅन्ट, शर्ट, बूट, मामींची साडी, सगळं खाली गेलेलं. मामी गाऊनवर. शेवटी आठवीतल्या भाच्याची ट्रॅकपॅन्ट मामांना नडगीपर्यंत आली. वर कंपनीचा अंघोळीनंतरचा पांढरा झगा घालू द्या म्हणून त्यांनी रिसेप्शनवर अर्धा तास घातला, तो मिळाला नाही. मग शेजारच्या गुजराती कुटुंबाने एक कुडता दिला. तेवढ्यात कळलं की पासपोर्टही बॅगेतच आहेत. एक अधिकारी खाली जाऊन बॅग शोधून आला तोवर बाराशे माणसं त्यांच्या शेजारून उतरून गेली, आणि प्रत्येकाने त्या ट्रॅकपॅन्टकडे एकदा पाहिलं.

तेव्हा शेवटच्या संध्याकाळी पलंगावर आधी उद्याचे कपडे मांडा, अगदी आतल्या कपड्यांपासून चपलेपर्यंत, त्यावर पासपोर्ट आणि औषधं ठेवा, आणि मग बॅगेची चेन लावा. रात्रीच कार्डाचं बिल काढून ओळ न ओळ वाचा. चुकलेली नोंद सकाळच्या गर्दीत दुरुस्त होत नाही. उतरायला मजल्यांप्रमाणे पाळी लावतात, दहा-अकरा सहज वाजतात. परतीचं रिझर्वेशन दुपारच्या आधीच्या गाडीचं काढू नका, रात्रीची देवगिरी बरी.