पांढऱ्या सशाला फिट आली? या चुका टाळा

पांढऱ्या सशाला आकडी आली की ‘यांच्या रक्तातच असतं ते’ असं कुणीतरी सांगून मोकळं होतं. रक्तातलं कारण असू शकतं, नाही असं नाही. पण ते सगळ्यात शेवटी धरायचं. त्याच्या आधीची बरीच कारणं वेळेवर कळली तर ससा वाचतो.

पांढरा म्हणजे नेमका कोणता?

आनुवंशिक अपस्माराच्या जुन्या नोंदी मुख्यतः निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या सशांच्या आहेत: व्हिएन्ना व्हाइट आणि बेवेरेन या युरोपीय जाती. जर्मन आनुवंशशास्त्रज्ञ हान्स नाख्ट्सहाइम यांनी बर्लिनमध्ये व्हिएन्ना सशांवरच यासंबंधीचं काम केलं.

आपल्या बाजारात मिळणारे पांढरे ससे बहुतेक लाल डोळ्यांचे असतात, न्यूझीलंड व्हाइट किंवा त्यांचा संकर. त्यांचा पांढरेपणा वेगळ्या जनुकातून येतो, त्यामुळे व्हिएन्ना सशांचा नियम त्यांना लावू नका. शिवाय लाल डोळ्यांच्या सशांना नीट दिसत नाही. अंतराचा अंदाज घेण्यासाठी ते डोकं हळूहळू डावी-उजवीकडे डोलवतात. ती फिट नाही. ससा खुशीत धाडकन आडवा पडतो किंवा हवेत उडी मारून अंग पिळतो, तीही नाही. खऱ्या फिटमध्ये ससा एका अंगावर पडतो, पाय ताठ होतात किंवा वल्हवल्यासारखे हलतात, शुद्ध राहत नाही, कधी लघवी होते. नंतर काही वेळ तो गोंधळलेला दिसतो.

कांदा हुंगवू नका

कांदा, चप्पल, मुठीत किल्ली हे आपले नेहमीचे उपाय माणसांवरही चालत नाहीत, सशावर तर ते धोक्याचे आहेत. ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, म्हणून नाकावर काहीही दाबायचं नाही. तोंडात साखरपाणी ओतलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. घट्ट आवळून धरणं त्याहून वाईट, कारण सशाच्या मागच्या पायांत एवढा जोर असतो की झटापटीत कण्याचं हाड मोडतं. त्याला जमिनीवर राहू द्या, आजूबाजूचं टणक सामान हलवा, खोलीत अंधार करा, घड्याळ पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्या व्हिडिओतून जास्त कळतं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ फिट येत राहिल्या, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

शुद्धीवर आल्यावर गवत आणि कोथिंबीर समोर ठेवा. सशाचं आतडं थांबलं की फिट बाजूला राहते आणि तेच जिवावर बेततं. दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नाही तर सकाळची वाट पाहू नका.

पिसवांचा स्प्रे

मला सगळ्यात जास्त चीड या चुकीची येते. कुत्र्या-मांजरांच्या पिसवा-गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशांसाठी विषारी आहे. घरात कुत्र्यासाठी आणलेली बाटली असते, ‘थोडंसंच’ सशालाही लावलं जातं. परिणाम लगेच दिसतोच असं नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी झटके सुरू होतात, तोवर स्प्रेची आठवण कुणालाच नसते. म्हणून फिट आलेल्या सशाला डॉक्टरांकडे नेताना गेल्या काही दिवसांत अंगाला काय लावलं, फरशी कशाने पुसली, कुठला जुना रंग कुरतडला (त्यात शिसं असू शकतं) हे आधी सांगा. पिसवांसाठी डॉक्टर सशाला चालणारं सेलामेक्टिनसारखं औषध देतात.

उन्हाळ्यात आणखी एक कारण: उष्माघात. तिशीच्या वरचं तापमान सशाला जड जातं, आणि विदर्भातला मे महिना चाळिशी ओलांडतो. तापलेला ससा धापा टाकतो, मलूल होतो, मग झटके येतात. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. कान साध्या गार पाण्याने ओले करा आणि निघा.

मान एका बाजूला कलली असेल, ससा गोल लोळत असेल, डोळे सतत थरथरत असतील, तर ही बहुधा कानाच्या आतल्या भागाची किंवा मेंदूची तक्रार आहे. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी यात नेहमीचा संशयित. रक्तात त्याच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणजे आजार ठरला, असंही नाही. अनेक धडधाकट सशांतही त्या असतात. या परजीवीवर साधारण 28 दिवस फेनबेंडाझोल हे औषध देतात. दोन दिवसांत बरा वाटला म्हणून मध्येच सोडू नका.

रक्तातलंच निघालं तर

विष, ऊष्मा, कान, परजीवी, मार, यकृत, रक्तातली साखर हे सगळं वजा झाल्यावर जे उरतं त्याला आनुवंशिक अपस्मार म्हणता येतं. फेनोबार्बिटालसारखं फिट रोखणारं औषध सुरू झालं, तर ते मनाने एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्याने फिट उसळून येतात. कुत्र्यासाठी आणलेल्या स्टेरॉइडचा उरलेला डोस तर सशाच्या जवळही नको.

आणि पैदास थांबवा. निळे डोळे देणारा व्हिएन्ना जनुक अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता दिसतो: तो जनुक बाळगणाऱ्या दोन रंगीत सशांच्या पिल्लांत सरासरी चारांत एक निळ्या डोळ्यांचं पांढरं निघतं. दिसायला देखणं, म्हणून तीच जोडी पुन्हा लावली जाते, भावंडंही आपसांत लावली जातात. निळ्या डोळ्यांचा प्रत्येक ससा आजारी नसतो, पण फिट येणारं पिल्लू निघालं असेल तर ती जोडी परत लावायची नाही. भावंडं ज्यांनी नेली त्यांनाही कळवा. नसबंदी करताना फिटचा इतिहास आणि चालू औषध डॉक्टरांना आधी सांगा, आणि ‘रात्रीपासून उपाशी ठेवा’ असं सवयीने कुणी म्हणालं तर पुन्हा विचारा: सशाला उलटी होतच नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं.