मैदानावर शेवटी राहिलेलं पोर: फुटबॉल क्लबमध्ये मुलांना सुरक्षित कसं ठेवावं

संध्याकाळचे पावणेसात. मिरजेतल्या मैदानावरची प्रॅक्टिस संपलीय, कोन गोळा झालेत, पोरं सायकली काढून पांगलीत. एकच पोरगा बूट हातात धरून फाटकाशी उभा आहे. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, पाळी लांबली असावी. सर गाडीला किक मारत म्हणतात, "बस मागं, सोडतो तुला."

बहुतेक वेळा यात निव्वळ माया असते. तरीही क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते: सरांनी त्याला एकट्याला घेऊन जायचं नाही. दुसरं मोठं माणूस थांबवायचं, वडिलांना फोन लावायचा आणि उजेडात, फाटकापाशीच वाट बघायची. "आमचे सर तसे नाहीत हो," असं लगेच ऐकू येतं. नसतीलच. पण चांगल्या माणसाला सूट देणारा नियम काही कामाचा नाही, कारण वाईट माणूस येतो तोही चांगला बनूनच येतो. आधी जीव लावतो, बूट घेऊन देतो, "तुझ्यात दम आहे, तुला स्टेटला खेळवतो" म्हणतो, घरच्यांचा विश्वास मिळवतो.

इंग्लंडमध्ये हेच झालं. तिथल्या एका माजी व्यावसायिक खेळाडूनं नोव्हेंबर २०१६ मध्ये लहानपणी प्रशिक्षकानं केलेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि मग शेकडो जण बोलू लागले. १९७० ते २००५ या काळाची चौकशी करणारा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. आपल्याकडे २०२२ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला युरोप दौऱ्यातून परत बोलावून लैंगिक गैरवर्तनावरून काढून टाकावं लागलं. देशाच्या संघात हे होऊ शकतं, तर गल्लीतल्या क्लबनं गाफील राहून चालणार नाही.

सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. इथला फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. वस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही शिस्त कुस्तीतून मैदानावर आली. तिच्यात खूप चांगलं आहे, मी ती मोडा म्हणत नाही. पण ज्या पोराला "सरांना उलटून बोलायचं नाही" एवढंच शिकवलंय, ते सरांबद्दल तक्रार करणार कुणाकडे? ती जागा क्लबनं तयार करून द्यायची असते.

सुरुवात एका कागदापासून

जाडजूड धोरण नको. एका पानावर, मराठीत, दहा-बारा वाक्यांत नियम लिहा आणि मुलांसमोर मोठ्यानं वाचा. क्लबमधली दोन माणसं मुलांचं ऐकून घेण्यासाठी नेमा, त्यातली एक बाई असू द्या. मुख्य प्रशिक्षक किंवा त्याचा नातेवाईक या जागी नको. दोघांची नावं आणि नंबर फाटकावर लावा, त्याखाली १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ ठळक लिहा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिला पैसे लागत नाहीत. पोरांना हा नंबर जर्सी नंबरासारखा पाठ करायला लावा.

माणूस नेमताना

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, त्याचे सुधारित नियम २०२० चे. या नियमांत शाळा आणि पाळणाघरांसोबत क्रीडा अकादम्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे: मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करायची, कंत्राटी असला तरी. त्यांना मुलांच्या सुरक्षेबद्दल वेळोवेळी प्रशिक्षणही द्यायचं. आपले बहुतेक क्लब स्वतःला अकादमी समजत नाहीत. चार मित्र, एक चेंडूंची पिशवी आणि भाड्याचं मैदान. तरी पडताळणी कराच. चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. फुकट शिकवायला येणारा दादा, मुलांना नेणारा गाडीवाला, खोलीच्या किल्ल्या सांभाळणारे काका, सगळ्यांचा दाखला घ्या.

दाखल्यावर सगळं सोपवू नका. ज्याच्याविरुद्ध कधी कुणी तक्रारच केली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून तो माणूस आधी जिथं शिकवत होता तिथं फोन करून सरळ विचारा, "तुमच्या मुलांसाठी याला परत घ्याल का?" समोरचा माणूस घुटमळला, तर तिथंच थांबा.

दोन मोठ्यांचा नियम

बाकी सगळं विसरलात तरी हे धरून ठेवा. मूल आणि एकटं मोठं माणूस, चार भिंतींआड, कधीच नाही. बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, बाकीच्यांना दिसेल असं बोला. दुखापत बघायची असेल तर दुसऱ्याला हाक मारा. मांडीला, कमरेला मसाज करायचा असेल तर पालकांच्या परवानगीनं आणि जाणकार माणसाकडूनच. कपडे बदलायच्या खोलीत मुलं असताना मोठ्यांनी जायचं नाही. दारावर थाप मारायची, बाहेर थांबायचं.

फोनलाही हाच नियम. मुलाला खासगी मेसेज नाही. प्रॅक्टिसची वेळ पालकांच्या ग्रुपवर टाका. रात्री दहा वाजता "जागी आहेस का?" असा मेसेज पाठवायचं फुटबॉलमध्ये काही कारण नाही. मुलींचे, मुलांचे फोटो क्लबच्या पानावर टाकायचे तर घरच्यांची लेखी संमती घ्या. फोटोखाली शाळा, गल्ली, प्रॅक्टिसची वेळ असलं काही लिहू नका.

बाहेरगावची टुर्नामेंट

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त ढिलाई इथंच होते. शालेय स्पर्धा असो वा सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा, तालुका, जिल्हा, मग विभागाला कोल्हापूर, असं करत पोरं घराबाहेर राहू लागतात. कुठल्यातरी शाळेच्या वर्गात किंवा मंगल कार्यालयात सतरंज्या टाकायच्या, अकरा वर्षांची आणि अठरा वर्षांची पोरं एका रांगेत झोपवायची, सर कुणा ओळखीच्यांकडे मुक्कामाला.

काही वर्षांपूर्वी मी मुलींची मॅनेजर म्हणून अशाच एका दौऱ्यावर होते. मुलांच्या टीममधलं एक लहान पोरगं दुसऱ्या दिवशी ताट घेऊन बाजूला बसलं. "पाय दुखतोय," म्हणालं. मी बघितलं आणि विचारलं नाही. परतल्यावर त्यानं खेळणंच सोडलं. महिन्याभरानं आजीला सांगितलं तेव्हा कळलं, की रात्री मोठ्या पोरांनी त्याचे कपडे ओढून मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि ते ग्रुपवर फिरत होतं. "पोरांची मस्ती हो," असं म्हणून क्लबनं विषय मिटवला. ही मस्ती नव्हे. पोक्सोखाली गुन्हा करणाराही मूलच असू शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्या ताटाजवळ मी बसायला हवं होतं, हे अजून जात नाही मनातून.

तेव्हापासून आमच्या दौऱ्याचे नियम ठरलेत. मुक्कामाची जागा आधी एकजण जाऊन बघून येतो: कडी आतून लागते का, संडास-बाथरूम कुठं, दिवा आहे का. वयाप्रमाणे वेगळ्या खोल्या. मुली असतील तर बाई मॅनेजर असतेच. मिळाली नाही तर दौरा रद्द, मग स्पर्धा कितीही मोठी असो. मोठी माणसं मुलांच्या खोलीत झोपत नाहीत, पण दाराबाहेर हाकेच्या अंतरावर दोघं असतात. रात्री नऊला सगळ्यांचे मोबाइल नाव लिहिलेल्या पिशवीत जमा. मुलाला घरी बोलायचं असेल तर केव्हाही फोन मिळतो, कारण विचारलं जात नाही. वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी गाडीत पोरं कोंबत नाही. ठरवलेली गाडी, ओळखीचा चालक, आत दोन मोठी माणसं.

मार, शिवी आणि टोमणे

पास चुकला म्हणून कानाखाली, उशीर झाला म्हणून उन्हात कोंबडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. शाळेच्या फाटकाबाहेरचं मैदान वेगळं कसं धरायचं? "जाड्या", "काळ्या", "पोरीसारखा खेळतोस" हेही बंद. रेषेबाहेरून स्वतःच्याच लेकराला शिव्या घालणाऱ्या बापालाही शांतपणे बाहेर नेऊन बसवा. सुरुवातीला राग येतो त्यांना. दोन-तीन मॅचनंतर येईनासा होतो.

मैदानाचंही थोडक्यात. हलवता येणारा गोलपोस्ट खुंट्यांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी घट्ट बांधा आणि त्याला लोंबकळू देऊ नका, तो अंगावर पडून मुलं दगावतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी प्रॅक्टिस नको. वीज कडाडली की खेळ थांबवा. डोक्याला मार बसलेलं पोर त्या दिवशी परत आत जाणार नाही, ते रडलं तरी.

मूल काही सांगू लागलं तर

हातातलं काम ठेवा. चेहरा शांत ठेवा. ऐका. "बरं केलंस सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा. "मग काय झालं? खरंच? तू ओरडली का नाहीस?" असले प्रश्न नकोत, तपास आपलं काम नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "ज्यांना सांगावंच लागेल तेवढ्यांनाच सांगेन," हे खरं आहे, तेच बोला. नंतर लगेच मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

मग त्याच दिवशी पोलीस ठाणे किंवा १०९८. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आधी बोलावून विचारू नका; तो सावध होतो आणि मूल दबतं. मोबाइलमध्ये चित्रण असेल तर पुरावा म्हणूनही पुढे पाठवू नका, फोन तसाच पोलिसांकडे द्या. नुकतंच काही घडलं असेल तर कपडे न धुता सिव्हिलला न्या.

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा शंका असलेल्या कुणीही कळवायचंच असतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. म्हणून "समितीत बसून मिटवू", "पोरीच्या लग्नाचं काय" हे बोलणं तिथल्या तिथं थांबवा. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. हे आईवडिलांना समजावून सांगा, निम्मी भीती तिथं उतरते. मुलाचं नाव क्लबमध्ये कुणाच्या तोंडी येता कामा नये.

आईवडिलांनी काय बघावं

महिन्यातून एकदा न सांगता मैदानावर जा. "पालकांना परवानगी नाही" म्हणणाऱ्या क्लबमध्ये पोर ठेवू नका. न मागता मिळालेले बूट, मोबाइल, पैसे दिसले तर विचारा. आवडणारा खेळ अचानक नको झाला, एखाद्याच सरांचं नाव निघताच पोटात दुखू लागलं, तर ओरडू नका. जेवताना शेजारी बसा आणि वाट बघा.

तक्रार झाल्यावर क्लब एक चूक हमखास करतो: "थोडे दिवस घरी राहू दे तिला." बाहेर राहायचं ते आरोप असलेल्या माणसानं, चौकशी संपेपर्यंत. मुलीचं नाव टीमच्या यादीत राहू द्या, तिची जर्सी दुसरीला देऊ नका, आणि ती आली त्या दिवशी काही न विचारता रोजच्यासारखा चेंडू तिच्याकडे पास करा.